सीएफ असलेल्या मुलाला सप्लिमेंट्स सुरू केल्यापासून पोटाचा त्रास, काय ठेवू काय बंद करू?

फोंड्याची_आई:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली. माझा मुलगा सहा वर्षांचा, वजन १८ किलो, सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ) आहे. निदान मुंबईला झालं, रोजचं इथे गोव्यातच बघतो आणि मोठ्या चेकअपला मुंबई. क्रेऑन १०००० (अन्न पचवणाऱ्या एन्झाइमची कॅप्सूल, १०,००० युनिटची) जेवणाबरोबर लहानपणापासून चालू आहे, त्यात नवीन काही नाही, जेवणाला तीन कॅप्सूल, नाश्त्याला दोन.

मागच्या चेकअपला वजन जागचं हललं नाही म्हणून डॉक्टरांनी बरंच काही जोडलं. हाय कॅलरी पावडर दुधातून दोनदा, एमसीटी ऑइल (सोपं पचणारं तेल, वजनासाठी), मल्टिव्हिटॅमिन सिरप, झिंकचं सिरप, कॅल्शियमचं सिरप, आयर्न, व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल, डी चं सॅशे आठवड्याला एक, आणि उन्हाळा आहे म्हणून मीठ वेगळं. आम्ही सगळं एकदम सुरू केलं आणि तेव्हापासून पोराचं पोट ठिकाणावर नाही. सकाळी उमासे येतात, कधी उलटीच होते, दुपारी पोट ढोलासारखं, रात्री एवढा गॅस की झोपेत रडतो, शी दिवसातून चार-पाच वेळा चिकट घाण वासाची, आणि मधेच दोन दिवस काहीच नाही. शाळेत बाईंना सांगून ठेवलंय पण सहा वर्षांचा झाला तरी लाजतोच की तो, सारखं टॉयलेटला जायचं म्हणजे.

सासूबाई म्हणतात सगळ्या बाटल्या फेकून दे, पेज दे आणि पोट शांत होऊ दे. नवरा म्हणतो डॉक्टरने दिलंय ना मग द्यायचंच. पुढची तारीख अजून लांब आहे. कुणाच्या मुलांना असं झालंय का? नक्की कशाने होतंय हे कसं ओळखायचं, कारण मला तर नऊ गोष्टींतली कुठली ते कळायला मार्गच नाही.


म्हापशेकर_बाबा:
ताई, आमची मुलगी अकरा वर्षांची, तिलाही सीएफ. पहिली गोष्ट, तारखेची वाट बघत बसू नका, ज्या डॉक्टरांनी दिलंय त्यांना फोन किंवा व्हॉट्सअॅप करा, वजन न वाढणाऱ्या मुलाला रोज उलटी होते हे कळवण्याइतकं मोठं कारण आहे. दुसरी, सगळं एकदम बंदही करू नका, मीठ आणि एन्झाइम तर अजिबातच नाही.

आता जरा प्रश्न विचारतो, राग मानू नका. शी पाण्यावर तरंगते का, फ्लश केल्यावर भांड्याला चिकटून राहते का, वर तेलाचे थेंब दिसतात का, रंग फिकट आहे का? आणि मुख्य म्हणजे ती पावडरवालं दूध कधी देता आणि त्याच्याबरोबर कॅप्सूल देता का? मीठ कसं देता? आयर्न आणि झिंक रिकाम्या पोटी की खाऊन? हे लिहिलंत की निम्मा उलगडा इथेच होईल बहुतेक.


साखळीचो_मामा:
एवढी औषधं पोटात गेल्यावर पोट दुखणारच गो बाय. मोठ्या माणसाचं दुखेल. आमच्या घरी मुलांना ओवा आणि हिंग गरम पाण्यातून देत, सगळा वारा सुटायचा. आणि ते पाचक सिरप मिळतं ना फार्मसीत, कुठल्याही, जेवणानंतर एक चमचा, तेच एन्झाइम, त्या महागड्या कॅप्सूल कशाला. पंधरा दिवस सगळं बंद ठेवून बघ, पेज आणि लिंबाचं लोणचं, पोट आपोआप साफ होतं.


डायटबाई_पणजी:
मामा, रागावू नका पण हे सीएफच्या मुलाला लागू नाही. ओव्याचं पाणी प्यायलं तर काही बिघडणार नाही, पण पाचक सिरपचं तेवढं खरंच चुकीचं आहे. त्या सिरपमधे बहुतेक फंगल डायस्टेज आणि पेप्सिन असतं, डायस्टेज स्टार्च फोडतं, पेप्सिन प्रोटीनवर काम करतं. सीएफच्या मुलाला मुख्य कमी पडतं ते लायपेज, फॅट पचवणारं. त्याच्या पॅनक्रियाजच्या (स्वादुपिंडाच्या) नळ्या घट्ट स्रावाने बंद झालेल्या असतात, एन्झाइम तयार झालं तरी आतड्यात पोचत नाही. म्हणून कॅप्सूल. ती बंद करून पंधरा दिवस पेज म्हणजे पंधरा दिवस मूल उपाशी.

मी डायटिशियन आहे, मुलांबरोबरच काम करते, पण हे सगळं जनरल सांगतेय, डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

ताई, तुमचा प्रश्न “नऊतली कुठली” असा आहे. मला वाटतं आधी एक वेगळाच प्रश्न विचारायला हवा, की हा त्रास सप्लिमेंटचा आहे का सप्लिमेंटमधल्या फॅटला एन्झाइम न मिळाल्याचा. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, गॅस, पोटफुगी, चिकट शी. पण उपाय उलटे. पहिल्यात सप्लिमेंट कमी करायचं, दुसऱ्यात एन्झाइम त्याच्याबरोबर द्यायचं. आणि चुकून दुसऱ्याला पहिलं समजलं की आपण नेमकं तेच काढून टाकतो ज्याच्याने वजन वाढणार होतं.

हिशोब बघा. फुल क्रीम दुधात ६ टक्के फॅट, म्हणजे २०० मिलिच्या पेल्यात १२ ग्रॅम. त्यात पावडरमधलं फॅट वेगळं, डब्यावर बघा किती लिहिलंय, काही पावडरींत बरंच असतं आणि काहींत जवळजवळ नाही. टोन्ड दूध घेत असाल तर ३ टक्के, ६ ग्रॅम. एवढं फॅट म्हणजे एक छोटं जेवणच झालं की! पण लोकांच्या डोक्यात “दूध म्हणजे पेय” असं असतं आणि कॅप्सूल फक्त भाताबरोबर. लहान मुलांच्या दुधालाही एन्झाइम लागतं, तान्ह्या बाळाला तर १२० मिलि दुधाला २००० ते ४००० युनिट लायपेज असं धरतात.

मोठ्या मुलांसाठी साधारण रेंज किलोमागे ५०० ते २५०० युनिट दर जेवणाला, आणि दिवसभरात किलोमागे १०,००० च्या वर जायचं नाही. तुमच्या १८ किलोच्या मुलाला म्हणजे दिवसाला वरची मर्यादा १,८०,००० युनिट, १०००० च्या अठरा कॅप्सूल. मर्यादा हां, टार्गेट नव्हे. ही मर्यादा उगाच नाही आली, १९९४ मध्ये लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी जास्त ताकदीच्या एन्झाइमवर असलेल्या पाच मुलांच्या मोठ्या आतड्यात आकुंचन आलेलं नोंदवलं, त्यानंतर जगभर डोसवर लगाम आला. म्हणून शी तेलकट दिसली की स्वतःच दोन कॅप्सूल वाढवायच्या असं करू नका, नोंद ठेवा आणि विचारा.

नारळाचं वेगळं बोलते, कारण मुंबईच्या डाएट चार्टमधे ते कधीच नसतं. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला ३३ ग्रॅमच्या आसपास फॅट असतं. आता आपल्याकडे दुपारी हुमण (माशांचं कालवण), त्यात नारळाचं वाटण, बरोबर तळलेला बांगडा, वर सोलकढी, म्हणजे पुन्हा नारळाचा रस. आणि सकाळी पेज आणि मिस्कूट (कैरीचं लोणचं), त्यात फॅट अगदी कमी. दोन्हींना मोजून तेवढ्याच कॅप्सूल दिल्या तर एकीकडे कमी पडणार आणि एकीकडे वाया. तुमच्या तीन कॅप्सूल डाळभाताच्या जेवणाला पुरत असतील आणि नुस्त्याच्या (माशांच्या) दिवशी पुरत नसतील. हे डॉक्टरांना तुम्हालाच सांगावं लागेल, त्यांना तुमच्या हुमणात किती नारळ पडतो ते कसं कळणार. फक्त फळ, सरबत, गूळ-साखरेचं काही, त्याला कॅप्सूल लागत नाही.

आणि हो, कुणीतरी विचारायच्या आधीच सांगते, खोबरेल तेल म्हणजे एमसीटी ऑइल नव्हे. खोबरेलात सगळ्यात जास्त लॉरिक अॅसिड, ते एमसीटीच्या बाटलीतल्या सी-८ आणि सी-१० या फॅटी अॅसिडसारखं वागत नाही. एमसीटीही बऱ्याचदा नारळापासूनच काढतात म्हणून लोक एकाच्या जागी दुसरं वापरतात.


फोंड्याची_आई:
बाप रे एवढं कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं, थँक्यू दोघांनाही.

उत्तरं लिहिते. शी हो, तरंगते आणि भांड्याला चिकटते, फिकट पिवळी, तेलाचा तवंग कधी कधी दिसतो. आयर्न घेतल्यापासून मधे काळपटही होते त्यामुळे रंगावरून काही कळेनासं झालंय. पावडरचं दूध सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना, फुल क्रीमच, आणि नाही, त्याबरोबर कॅप्सूल नाही, आम्हाला “जेवणाबरोबर” एवढंच सांगितलं होतं आणि चिठ्ठीवरही तेच आहे. एमसीटी एक एक चमचा तीनदा, भातावर घालते. मीठ पाव चमचा कोमट पाण्यात घोळून सकाळी उठल्या उठल्या, म्हणजे दिवसभराचं एकदाच होऊन जातं म्हणून. झिंक आणि मल्टिव्हिटॅमिन त्याच्यामागोमाग नाश्त्याआधी, शाळेची बस येते सव्वासातला त्यामुळे सगळं सकाळीच उरकते. आयर्न आणि कॅल्शियम संध्याकाळी एकत्र. ई ची कॅप्सूल रात्री दुधाबरोबर.


म्हापशेकर_बाबा:
ताई, सकाळच्या उमाशांचं तर सरळ दिसतंय. रिकाम्या पोटी मिठाचं कोमट पाणी. पूर्वी विष प्यायलेल्या माणसाला उलटी करवायला हेच पाजायचे हो! आणि त्यावर लगेच झिंक, जे रिकाम्या पोटी मोठ्या माणसालाही मळमळवतं. पोरगा दूध पीत असेल तेच आश्चर्य.

मीठ कमी करायचं नाही, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या घामात तर नाहीच. सीएफच्या मुलांच्या घामातून मीठ फार जातं, आणि शरीरातलं मीठ खाली गेलं की भूक मरते, उलट्या होतात, मूल मलूल पडतं. आपल्याकडे कित्येक बाळांचं सीएफचं निदान तिथूनच होतं, उलट्या आणि रक्तातलं सोडियम पोटॅशियम खाली, उन्हाळ्यात. म्हणजे गंमत बघा, मीठ एकदम दिल्याने उलटी आणि मीठ कमी पडल्यानेही उलटी. आम्ही डॉक्टरांना विचारून दिवसभराचं मीठ वाटून टाकलं, थोडं पेजेत, थोडं ताकात, शाळेच्या बाटलीत ओआरएस, खेळाच्या दिवशी जास्त. ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटरमधेच घाला, पेलाभर पाण्यात अर्धं पाकीट ओतलं तर ते जड होतं आणि त्यानेच जुलाब होतात. मिस्कूट, खारातली कैरी, हे आमच्या मुलीला आवडतं म्हणून आजी खूश, बाकीच्या घराला मीठ कमी खा सांगायचं आणि हिला जास्त.


फार्मसीवाला_मडगाव:
माझा दोन पैशांचा सल्ला काउंटरच्या या बाजूने.

१८ किलोच्या मुलाला तीन-तीन सिरप एकाच वेळी चालू असतील तर बाटलीच्या मागे सॉर्बिटॉल लिहिलंय का बघा. शुगर फ्री लिहिलेल्या बाटल्यांत तर बऱ्याचदा असतं. सॉर्बिटॉल पूर्ण शोषलं जात नाही, आतड्यात पाणी ओढतं आणि मग तिथले जंतू त्याचा गॅस करतात. एका सिरपमधलं चालून जातं, तीन सिरपचं मिळून पोट फुगवायला पुरतं. आणि यात एन्झाइमचा काही दोष नाही, कॅप्सूल वाढवून हा गॅस जाणार नाही. डॉक्टरांना विचारून त्यातलं एखादं गोळीत किंवा थेंबात बदलून मिळतं. झिंकच्या छोट्या विरघळणाऱ्या गोळ्या येतात.

आयर्न आणि कॅल्शियम एकत्र नको, कॅल्शियम आयर्नला आत जाऊ देत नाही, दोन तासांचं तरी अंतर ठेवा. झिंक आणि आयर्नही एकाच वेळी नको. आयर्नने बद्धकोष्ठ होतं आणि काही कॅल्शियमनेही होतं, विशेषतः कार्बोनेटवाल्याने, तुमच्या मधल्या दोन कोरड्या दिवसांचं मूळ तिथे असू शकतं. आयर्न त्याला नक्की लागतंय ना हेही एकदा विचारा. सीएफमधे छातीत इन्फेक्शन चालू असताना फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) वर दिसतं आणि हिमोग्लोबिन खाली, त्यामुळे रिपोर्ट वाचायला डॉक्टरच लागतात, नुसतं एचबी कमी म्हणून आयर्न असं नसतं.

डी च्या सॅशेचं मुद्दाम सांगतो. ६०,००० युनिटचं ते सॅशे आठवड्याचं असतं, आणि आमच्याकडे लोक ते रोज देतात म्हणून कळतं तेव्हा अंगावर काटा येतो. तुम्ही आठवड्यालाच देताय, बरोबर. पण तुमच्या हाय कॅलरी पावडरमधे ए आणि डी घातलेलं असणार, मल्टिव्हिटॅमिनमधे पुन्हा ए आणि डी, म्हणजे बेरीज करायला हवी. ही व्हिटॅमिन्स शरीरात साठतात. डी जास्त झालं की कॅल्शियम वर जातं आणि मग भूक जाणं, उलटी, बद्धकोष्ठ, सारखी तहान. ए जास्त झालं की डोकेदुखी, उलटी. दिसायला सगळं पोटाचंच. सगळे डबे बाटल्या एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर मांडा, आणि रक्तातली लेव्हल शेवटची कधी बघितली ते विचारा, सीएफच्या मुलांची वर्षातून एकदा तरी बघतात.

आणि क्रेऑनची बाटली कुठे ठेवता? २५ डिग्रीच्या वर ठेवू नका असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे स्वयंपाकघरात मे महिन्यात किती असतं ते सांगायला नको. गॅसच्या शेगडीच्या वरचं कपाट, कारचा डॅशबोर्ड, उन्हात पडलेलं दप्तर, या तीन जागी एन्झाइम मरतं. बाहेरून कॅप्सूल तशीच दिसते, आतलं काम करत नाही. घट्ट झाकण, थंड कोरडी जागा, पावसाळ्यात तर दमटपणाचंही बघायचं, शाळेत छोट्या डबीत त्या दिवसापुरत्याच द्या.


डिचोलीची_वैनी:
मधेच विचारते, आमच्या भाच्याचं नुकतंच निदान झालंय, आम्ही शुद्ध शाकाहारी, आणि ही एन्झाइम डुकराच्या पॅनक्रियाजपासून करतात असं कुणीतरी सांगितलं तर घरात मोठा प्रश्न उभा राहिलाय. व्हेज मिळतं का? आणि तो अडीच वर्षांचा, कॅप्सूल गिळत नाही तर वहिनी ती उघडून पेजेत ढवळून देते, चालतं का?


डायटबाई_पणजी:
वैनी, हो, डुकरापासूनच असतं, लपवण्यात अर्थ नाही. बुरशीपासून किंवा वनस्पतीपासून केलेली एन्झाइम “व्हेज” म्हणून विकली जातात पण सीएफमधे त्यांच्या भरवशावर मूल ठेवता येईल असं काही नाही. माझ्याकडे सारस्वत, जैन, मुसलमान सगळ्या घरांतली मुलं आली, बहुतेकांनी आपापल्या भटजींना, मौलवींना विचारलं आणि औषध म्हणून चालेल असं ठरवलं. ते ठरवायला घराला थोडा वेळ द्या पण तोवर मुलाचं औषध थांबवू नका.

पेजेत ढवळणं मात्र नको. कॅप्सूलच्या आत बारीक दाणे असतात, प्रत्येक दाण्याला पोटातल्या अॅसिडपासून वाचवणारं आवरण असतं. हे आवरण आंबट गोष्टीत टिकतं आणि अॅसिड नसलेल्या गोष्टीत विरघळतं. पेज, दूध, डाळ, वरण, यात ते आवरण आधीच सुटतं, गरम असेल तर आणखीच वाईट, मग दाणे पोटातच मरतात आणि काही तोंडात चिकटून राहतात, त्याने जीभ आणि ओठ सोलवटतात. उकडून गाळलेलं सफरचंद एक चमचाभर घ्या, गार, त्यावर दाणे टाका, लगेच भरवा, चावू देऊ नका, मागून पाणी पाजा आणि गालात दाणा राहिला नाही ना ते बोटाने बघा. मग पेज खाऊ दे हवी तेवढी. कालवून ठेवून द्यायचं नाही. जेवण लांबलं, आणि या वयात लांबतंच, तर अर्धं सुरुवातीला आणि अर्धं मधे. नॅपीच्या जागी लाल होत असेल तर तेही कधी कधी न वापरलं गेलेलं एन्झाइम बाहेर येतं त्यामुळे असतं, बॅरियर क्रीम लावा आणि डॉक्टरांना सांगा.

फोंड्याच्या ताई, तुमचं एमसीटी. ५ मिलिचा चमचा धरला तर त्यातून चाळीसेक कॅलरी मिळतात, उपयोगी आहे, पण पहिल्याच दिवशी तीन चमचे म्हणजे कळा येणार आणि शी पातळ होणारच. अर्ध्या चमच्यापासून सुरू करतात, दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवत, आणि जेवणात मिसळून. तळायला किंवा फोडणीला वापरायचं नाही, लवकर जळतं.

मी तुमच्या जागी असते तर डॉक्टरांशी बोलताना हा क्रम सुचवला असता: आधी मीठ वाटणं आणि झिंक जेवणानंतर नेणं, दोन्ही दुधांबरोबर एन्झाइम किती ते विचारून सुरू करणं, आणि मग चार-पाच दिवस बाकी काही हलवायचं नाही. वहीत लिहायचं, काय खाल्लं, किती कॅप्सूल, शी कशी. मग पुढचं. सगळं एकदम सुरू केल्याने गोंधळ झाला तसा सगळं एकदम बदलल्यानेही होईल, बरं वाटलं तरी कशाने ते कळणार नाही. ई ची कॅप्सूल रात्रीच्या दुधाबरोबर ठीक आहे, पण त्या दुधाला एन्झाइम असेल तरच, नाहीतर ए डी ई के ही चारही व्हिटॅमिन्स फॅटबरोबर सरळ शीमधून जातात. तुम्ही पैसे देऊन आणलेलं.


साखळीचो_मामा:
बरं बाई, पाचक सिरपचं मागे घेतो. ओव्याचं नाही घेत.


फोंड्याची_आई:
मंडळी, डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं, नोंदी व्हॉट्सअॅपवर पाठवल्या, त्यांनी ऐकून घेतलं. मीठ चार ठिकाणी वाटलं, झिंक नाश्त्यानंतर, आयर्न सध्या थांबवलंय, रक्त तपासून ठरवू म्हणाले. दोन्ही दुधांबरोबर दोन-दोन कॅप्सूल सांगितल्या, नुस्त्याच्या जेवणाला एक जास्त, आणि दिवसाची बेरीज किती होते ते मला वहीत लिहायला लावलं. एमसीटी अर्ध्या चमच्यावर. सकाळचे उमासे जवळजवळ गेले, रात्रीचं रडणं थांबलं. पोट अजून फुगतं दुपारी, सिरपच्या मागे सॉर्बिटॉल सापडलं दोघांवर, त्याचं बघतोय. सासूबाईंना “बाटल्या फेकल्या नाहीत पण एक कमी झाली” असं सांगितलं, त्यांना तेवढ्यावर समाधान आहे.

एक राहिलं. मधले दोन दिवस शी होत नाही ते अजून एकदा झालं. त्याला जुलाबाचं काही देऊ का घरचं, एरंडेल वगैरे, सासूबाई म्हणतात?


म्हापशेकर_बाबा:
एरंडेल नको, आणि हे हलक्यात घेऊ नका. सीएफमधे साध्या बद्धकोष्ठाशिवाय आणखी एक प्रकार असतो, डायोस म्हणतात, लहान आतड्याच्या शेवटाला घट्ट चिकट मळ अडकून रस्ता बंद होतो. पाणी कमी पडलं, एन्झाइम चुकलं, खूप घाम गेला की होण्याची शक्यता वाढते, म्हणजे आपला उन्हाळा. पोटाच्या उजव्या बाजूला खाली दुखतं, हाताला गोळा लागू शकतो. आमच्या मुलीला एकदा झालंय, अॅडमिट करून पॉलिइथिलीन ग्लायकॉलने (मळ मऊ करणारं औषध) सुटलं, ऑपरेशन लागलं नाही.

साध्या बद्धकोष्ठाला डॉक्टर तेच पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं पावडर थोड्या डोसमधे देतात, विचारून घ्या. पण हिरवी उलटी, फुगून टणक झालेलं पोट, वारासुद्धा न सुटणं, शीमध्ये रक्त, किंवा पोटदुखीने पाय पोटाशी घेऊन बसणं, यातलं एक जरी दिसलं तर फोरमवर विचारू नका, घरचा उपाय नको, तोंडाने काही पाजू नका, सरळ १०८ किंवा गाडी काढून बांबोळी (गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) गाठा. आणि तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य “सीएफ आहे, अडकल्याची शंका आहे” हे सांगा, कारण रात्रीच्या ड्यूटीवरच्या नवीन डॉक्टरने सीएफचं मूल बघितलेलं असेलच असं नाही. आम्ही एका कागदावर सगळं लिहून पाकिटात ठेवलंय, निदान, वजन, औषधं, मुंबईच्या डॉक्टरांचा नंबर.


फोंड्याची_आई:
हे कुणीच बोललं नव्हतं. कागद आजच करते, एक शाळेत बाईंकडेही देते. बद्धकोष्ठाच्या पावडरचं उद्या फोन करून विचारते.

आणि चवथीचं आत्तापासूनच विचारून ठेवते, हसू नका. पाच दिवस घर भरलेलं, नेवऱ्या (करंज्या), पातोळ्या, मोदक, येता जाता जो तो पोराच्या हातात काहीतरी देणार. दर नेवरीला कॅप्सूल द्यायची का?


डायटबाई_पणजी:
दर नेवरीला नको, पण दिवसभर थोडं थोडं चरणं हेच सगळ्यात अवघड, कारण एन्झाइमचा परिणाम पाऊण-एक तासच धरायचा. नेवरी तळलेली आणि आत खोबरं, एक पुरेशी आहे फॅट मोजायला. पातोळ्या वाफवलेल्या, पण सारण खोबऱ्याचंच. ताटलीत घालून बसवून खायला द्या, दोन वेळा ठरवा, त्या वेळेला डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्या कॅप्सूल. मधल्या वेळेला कुणी दिलं तर केळं, चिकू, साखरफुटाणे, त्याला काही लागत नाही. पाहुण्यांना हे सांगायचं काम नवऱ्याला द्या.


म्हापशेकर_बाबा:
आम्ही मखराच्या बाजूच्या टेबलावर कॅप्सूलची डबी आणि वही ठेवतो. समईपासून लांब ठेवा तेवढी, मडगावच्या फार्मसीवाल्यांनी सांगितलेलं आहेच.